पैनगंगा ते बॉस्फरस



या मालेच्या चिटणिसांनी मला विषय सुचविला तो असा, की एका मालमोटारीत बसून एक अख्खे खंड, त्यातले अनेक देश, सडकेने ओलांडून जाणाऱ्या माणसांविषयी बोलावे. विषय मोठा मौजेचा आहे. परंतु मी हयातभर मोंढ्यातले हमाल आणि मालमोटारींवरचे ड्रायव्हर यांच्यात वावरलेला माणूस. मला सडकेपेक्षा सडकेवर उभ्या असलेल्या गाड्या अधिक पाहावयास मिळाल्या. म्हणून धावणाऱ्या गाडीचा इतिहास सांगण्याच्या निमित्ताने मी उभ्या गाडीचाही इतिहास सांगणार आहे, आणि तो आपल्या परभणीपासूनच सांगणार आहे. अनेक देश ओलांडावयास आपल्या आजोबा-पणजोबांना फार दूर जावे लागत नव्हते. हिंगोली-कळमनुरीकडून निघून पैनगंगा उतरली, की परदेश लागत असे.

हे ऐकून तरुण मंडळींना हसू येईल. पण पाहा. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख परभणी जिल्ह्यातच होता. उत्तरेला पैनगंगा, पलीकडे पुसद-उमरखेड, म्हणजे वऱ्हाड. दोन्ही तीरांवर बोली एक, सोयरीक एक, बैलांचा बाजार एक. १८५३ पूर्वी राज्यही एकच होते, निजामाचे. त्या साली निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले, १९०२ साली तो मुलूख इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला गेला आणि १९०३ साली मध्यप्रांताला जोडला गेला. नदी होती तेथेच राहिली, पाणीही तेच. फक्त हैदराबादेत आणि कलकत्त्यात काही कागदांवर सह्या झाल्या आणि आपल्या गुडघाभर पाण्याच्या नदीची सरहद्द झाली.

सरहद्द आली की नाके आले. निजामाच्या जकात खात्याचे नाव करोडगिरी. हा शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडून मी लहानपणी इतक्या वेळा ऐकला आहे, की मला ते एखाद्या राक्षसाचे नाव वाटत असे. मालावर शेकडा पाच हा दर जुना. १८०२ साली कंपनी आणि निजाम यांच्यात व्यापाराचा जो तह झाला, त्यातही तो आकडा आहे. पैसा वेगळा: इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार, सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये. सरकारी कागदाची भाषा वेगळी, कायदा वेगळा. पैनगंगेपलीकडे सरकी किंवा जवारी न्यावयाची तर गाडीवानाला पैसा बदलावा लागे, माल उघडून दाखवावा लागे आणि नाकेदाराचे जेवण होईपर्यंत झाडाखाली बसावे लागे. बैलगाडी गेली आणि तिच्या जागी लॉरी आली, तरी झाड तेच राहिले. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने आपले मोटार खाते काढले, २७ मोटारी आणि १६६ नोकर एवढ्या बळावर. राज्यातल्या राज्यात वाहतूक वाढली. पण सरहद्दीवर चाक जसे पूर्वी थांबे तसेच थांबत राहिले.

आता थोडे मागे जाऊ, कारण या प्रश्नाचे उत्तर एका काळी सापडलेले होते आणि ते आपल्याच भागातील लोकांपाशी होते. मी बंजारा समाजाविषयी बोलतो आहे. आज आपण तांडा म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे माळावरची वस्ती येते. मूळचा तांडा म्हणजे चालती वखार. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याला १६३२ साली वाटेत एक तांडा भेटला, त्यात धान्याने लादलेले १४,००० बैल होते. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए लिहितो, की या लोकांचे चार गट असत आणि गहू-जोंधळ्यासारखे धान्य, तांदूळ, डाळ आणि मीठ असा एकेक जिन्नस एकेका गटाकडे असे. मिठाचे नाव निघाले म्हणून सांगतो, लमाण हा शब्द लवणावरून आला असे पुष्कळ जाणकार मानतात. रेल्वे नव्हती, पक्की सडक नव्हती, तेव्हा गुजरात-माळव्यापासून कर्नाटकापर्यंत माल हलविणारे हे लोक. वाटेत मोगल लागत, आदिलशाही लागे, कुतुबशाही लागे, पुढे मराठे, निजाम, टिपू. सगळ्यांची आपसात युद्धे चाललेली; पण तांड्यावर सहसा कोणी हात टाकीत नसे, कारण त्याच्यावाचून कोणाचीच फौज जेवत नसे. येथून जवळच असई आहे. १८०३ साली वेलस्लीने शिंदे-भोसल्यांशी लढाई दिली, तेव्हा त्याच्याही धान्याची भिस्त या बैलांवरच होती. लढाईचे चित्र पाठ्यपुस्तकात येते, बैल येत नाहीत.

बंजारा समाजात एक ताम्रपटाची हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. इंग्रज अधिकाऱ्यांनी ती एकोणिसाव्या शतकात टिपूनही ठेविली आहे. १६३० च्या सुमारास शहाजहानचा वजीर आसफखान विजापुरावर निघाला. त्याच्या बरोबर भंगी आणि झंगी या दोन नाईकांचे तांडे होते; बैलांचा आकडा एक लाख ऐंशी हजार सांगतात. कथेतला आकडा म्हणून तो घ्यावा. हे नाईक पुढे सरकावेत म्हणून वजिराने त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट करून दिला. त्यात काय होते? पाणी कोठे मिळाले नाही, तर वजिराच्या माणसांच्या रांजणातले घ्यावे. चारा मिळाला नाही, तर छपराचे गवत उपसावे. आणि दिवसाला तीन खून माफ.

तीन खुनांची माफी आमच्या संघटनेच्या मागणीपत्रकात नाही, हे मी येथे बसलेल्या पोलीस खात्याच्या मंडळींच्या माहितीसाठी सांगून ठेवतो. पण पहिली दोन कलमे आपण नीट पाहावीत अशी माझी विनंती आहे. हा जो राहदारी परवाना होता, तो मालाचा नव्हता. गहू कोणाचा, तांदूळ कोणाचा, त्यावर किती जकात, याचा त्यात शब्द नाही. माणसाला पाणी आणि जनावराला गवत, एवढीच हमी त्यात आहे. वाटेवर जो चालतो, त्याला धरून तो लिहिला आहे. ही हकीकत शब्दशः खरी असो वा नसो, ज्या समाजाने ती जपली त्याला वाहतुकीतली खरी अडचण कोणती हे ठाऊक होते.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद-मनमाड रेल्वे परभणीवरून गेली आणि तांड्याच्या बैलाचे काम संपले. धंदा गेलेल्या या लोकांवर काही प्रांतांतून गुन्हेगार जमातीचा शिक्काही बसला. ज्या माणसाला सर्व राज्ये वाट देत होती, त्याला गाव सोडावयाचे तर चौकीवर वर्दी द्यावी लागू लागली. १८७१ चा तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आज लांब पल्ल्याच्या मालमोटारींवर काम करणाऱ्या आमच्या सभासदांत तांड्यांवरची मुले पुष्कळ आहेत. हा योगायोग नव्हे असे मला वाटते; पण पुरावा मागाल तर देता येणार नाही.

खंड ओलांडणाऱ्या लॉरीची गोष्ट खऱ्या अर्थाने महायुद्धात सुरू झाली. आपल्या मराठी माणसाने आशियाचे देश मोटारीतून पाहिले ते प्रवासी म्हणून नव्हे, शिपाई म्हणून. पाचव्या मराठा पलटणीची पहिली बटालियन १९४१ साली इराकात होती आणि १९४५ साली इटलीत. तिच्यातला नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमजचा शेतकऱ्याचा मुलगा, ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी जखमी साथीदारांना पाठीवरून आणून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविता झाला, हे आपण वाचलेले असेल. इराक, सीरिया, पॅलेस्टाइन, मिसर या मुलखांतून हिंदी पलटणी लष्करी लॉऱ्यांत बसून वाळवंटे तुडवीत गेल्या. ज्या वाटेवर १९२३ पासून नेर्न नावाचे दोन न्यूझीलंडर भाऊ बगदाद-दमास्कस मोटार चालवीत आणि उतारूंना सरहद्दीवर पासपोर्ट दाखवावा लागे, त्याच मुलखात आता हजारो गाड्या विनाअडथळा धावू लागल्या.

दुसरीकडे पूर्व इराणची वाट. ऑगस्ट १९४१ मध्ये इंग्रज आणि रशियन फौजा इराणात शिरल्या, आणि रशियाला मदत पोचविण्यासाठी बलुचिस्तानातून एक रस्ता चालू झाला. क्वेट्ट्याहून रेल्वेने नोक कुंडीपर्यंत, नंतर रूळ पुन्हा टाकल्यावर झाहेदानपर्यंत, आणि तेथून बिरजंदवरून थेट मशहदपर्यंत लॉरीने. सुमारे नऊशे किलोमीटर वैराण मुलूख, आणि चाकावर पुष्कळसे हिंदी ड्रायव्हर.

या दोन्ही वाटांवर नाकी कोठे गेली? कोठेच गेली नव्हती. लष्कराचा हुकूम हाच परवाना होता आणि त्यापुढे बाकीचे परवाने गप्प बसले. लढाई संपताच ती पुन्हा बोलू लागली. एवढेच नव्हे, नवी नाकीही उभी राहिली. ज्या क्वेट्ट्याहून माल रशियाला गेला, तेथे जावयास १९४७ नंतर आपल्या माणसाला पासपोर्ट लागू लागला. आणि इकडे आपल्या पैनगंगेवर? १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपण झालो नाही. उमरखेडला स्वातंत्र्य, हिंगोलीला निजाम. डिसेंबरात निजाम सरकारने हिंदी रुपया व्यवहारातून बाद ठरविला. जी नदी आजवर जकातीची सरहद्द होती ती लढाईची सरहद्द झाली. उमरखेडला स्टेट काँग्रेसचे सशस्त्र केंद्र उभे राहिले, तेथून मुक्तिसैनिक रात्री नदी उतरून करोडगिरीची नाकी जाळीत. पहिला हल्ला करोडगिरीच्या नाक्यावर का, असे मी एका वृद्ध स्वातंत्र्यसैनिकाला एकदा विचारले. ते म्हणाले, "बाबा, निजाम आम्ही कधी पाहिला नव्हता. नाकेदार रोज दिसायचा." १३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौज आत आली, १७ तारखेला निजाम शरण आला. हाली सिक्का मात्र १९५९ पर्यंत रेंगाळला.

आता युरोपात त्याच सुमारास काय घडले ते पाहिले पाहिजे, कारण ताम्रपटाचा नवा अवतार तेथे झाला. युद्धाने मोडलेल्या त्या खंडात एका देशाचा माल दुसऱ्यात न्यावयाचा, तर मधल्या प्रत्येक सरहद्दीवर गाडी उघडायची, मोजायची, जकातीची अनामत भरायची. १९४९ साली काही देशांनी एक युक्ती काढली. गाडी निघते तेथेच जकात अधिकाऱ्याने माल तपासून सील ठोकावे. बरोबर एक पुस्तक द्यावे. मधल्या देशांनी सील शाबूत आहे एवढे पाहून शिक्का मारावा आणि गाडी सोडावी. माल वाटेत विकला गेलाच, तर जकात भरण्याची हमी वाहतूकदारांच्या संस्थेची. फ्रेंच आद्याक्षरांवरून याला टी. आय. आर. म्हणतात, गाडीच्या पुढेमागे निळ्या पाटीवर पांढरी तीन अक्षरे असतात. १९५९ साली याचा रीतसर करार झाला आणि १९७५ साली नवा करार होऊन जुना मागे पडला.

या पुस्तकाच्या जोरावर युरोपातल्या मालमोटारी इस्तंबूलपर्यंत आणि तेथून पुढे निघाल्या. १९५७ साली लंडनहून एक उतारू मोटार वीस प्रवासी घेऊन १५ एप्रिलला निघाली ती ५ जूनला कलकत्त्यास पोचली. १९६४ साली लंडनची मालमोटार काबूलला गेली. बॉस्फरसवर तेव्हा पूल नव्हता. युरोपातून आशियात शिरावयास गाड्या तराफ्यावर चढवाव्या लागत. पूल झाला ३० ऑक्टोबर १९७३ रोजी. तुर्कस्तानचे बर्फाळ घाट, मग इराणच्या सरहद्दीवरचे बाझरगान, आणि तेथे गाड्यांची मैलोगणती रांग. त्या काळच्या ड्रायव्हरांच्या आठवणी वाचल्या, की घाटाचे वर्णन एक पान असते आणि रांगेचे तीन पाने. १९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षअखेर रशियन फौजा अफगाणिस्तानात उतरल्या आणि ही वाट बहुतांशी बंद झाली. बंद पडली ती दरडीने नव्हे.

रस्ता तर वाढतच गेला. १९५९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने आशियाई महामार्गाची योजना मांडली; करार व्हावयास २००३ आणि अमलात यावयास २००५ साल उजाडले. सुमारे १ लाख ४१ हजार किलोमीटरचे हे जाळे आहे. धुळ्याला त्यातल्या दोन वाटा एकमेकींना छेदतात. म्हणजे नकाशावर पाहिले तर धुळ्याचा ड्रायव्हर रुमालात भाकरी बांधून तुर्कस्तानला जाऊ शकतो. भारत टी. आय. आर. करारात २०१७ साली सामील झाला. बांगलादेश, भूतान, नेपाळ आणि आपण, यांच्यात गाड्या सोडण्याचा करार १५ जून २०१५ ला थिंफूत झाला. भूतानने पुढे तो आपल्या संसदेत मंजूर केला नाही. देशातल्या देशातली नाकीही उशिरा उठली. मुंबईची जकात १ जुलै २०१७ पर्यंत होती. म्हणजे निजामाची करोडगिरी गेल्यावरही साठाहून अधिक वर्षे आपला ड्रायव्हर आपल्याच राज्यात बिल्टी दाखवीत उभा होता.

आता जो मुद्दा सांगण्यासाठी मी हा लांबचा वळसा घेतला, त्यावर येतो. टी. आय. आर. चे पुस्तक मालाची हमी देते. सरकारच्या जकातीची हमी देते. गाडी कशी असावी, ताडपत्रीची दोरी कशी ओवावी, सील कोठे असावे, हे सारे त्यात बारकाईने लिहिले आहे. त्यात रांजणातले पाणी नाही.

ते कोठे लिहिलेले आहे, म्हणून मी शोध घेतला. जून १९३९ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत मोटार कामगारांच्या तासांचा ठराव झाला. कामाचे तास म्हणजे काय? तर माणूस मालकाच्या हाती असतो तो सारा वेळ. गाडी चालते तो वेळ, तिच्या अनुषंगाने काम होते तो वेळ, आणि केवळ हजर राहून वाट पाहावी लागते तोही वेळ. तीन महिन्यांत महायुद्ध पेटले. पुढेही मोजक्याच देशांनी त्यास मान्यता दिली, त्यात भारत नव्हता. परंतु १९६१ साली आपल्या संसदेने मोटार परिवहन कामगार कायदा केला, तेव्हा हीच व्याख्या जवळजवळ शब्दशः उचलली. फक्त वाट पाहण्याच्या कलमाला एक शेपूट जोडले: अंतिम थांब्यावरील, पंधरा मिनिटांहून कमी.

म्हणजे तुम्ही दहा मिनिटे ताटकळलात तर ते काम. दहा दिवस ताटकळलात तर ते काय, यावर या कलमाच्या आधाराने भांडत बसावे लागते. शिवाय हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू. एक गाडी स्वतःच्या नावे, एक भावाच्या, एक घरच्या मंडळींच्या नावे, असे केले की पाच कधी भरतच नाहीत. २०२० साली हा कायदा नव्या कामगार संहितेत विलीन झाला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात आली. मी मोठ्या आशेने कलम काढून पाहिले. पंधरा मिनिटे जशीच्या तशी तेथे येऊन बसली आहेत.

काही वर्षांपूर्वी वसमतकडची हळद घेऊन आमचा एक सभासद पश्चिम बंगालात पेट्रापोलला गेला. तेथून पलीकडे बेनापोल, म्हणजे बांगलादेश. तेथे आपली गाडी पलीकडच्या आवारापर्यंत जाते, माल उतरविते आणि रिकामी परत येते. आवाराबाहेरचा देश ड्रायव्हरला दिसत नाही. जावयास पाच दिवस लागले. सरहद्दीअलीकडे बनगावच्या वाहनतळावर सतरा दिवस गाडी उभी. मालकाने खेपेचे पैसे दिले आणि भत्ता दिला आठ दिवसांचा. बाकी दिवस "तू झोपलाच होतास की" असे त्याचे म्हणणे. आम्ही भांडलो. मालकाचा वकील बोट ठेवी ते याच पंधरा मिनिटांवर. वाहनतळ हा अंतिम थांबा आहे की नाही, यावर दोन तारखा गेल्या. शेवटी काही रक्कम ठरली, चहा झाला आणि पुढच्या आठवड्यात त्याच मालकाची हळद घेऊन तोच माणूस पुन्हा पेट्रापोलला गेला. घरी दोन लेकरे आहेत, न जाऊन सांगतो कोणाला?

हे भांडण आम्हाला लढता आले ते त्याच्या एका वहीमुळे. सातवी शिकलेला माणूस. पण रोजचा खर्च लिहून ठेवण्याची त्याला सवय. तारीख, ठिकाण, वाहनतळाचे भाडे, जेवण, आणि शेवटच्या रकान्यात पाणी. सतरा दिवसांत आंघोळीचे आणि पिण्याचे पाणी त्याने रोज विकत घेतले आहे, आणि एकाच दिवसापुढे शून्य आहे. त्या दिवशी पाऊस पडला होता.

वही मी आज बरोबर आणली आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी टेबलापाशी यावे. अक्षर थोडे बारीक आहे.